संध्याकाळचंच दूध का परत येतं?

पत्र असं आहे :

"नमस्कार. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. दोन जर्सी गाई आणि एक म्हैस आहे. सकाळी साधारण नऊ लिटर, संध्याकाळी सहा लिटर दूध निघतं. सकाळचं दूध आजवर एकदाही परत आलेलं नाही. संध्याकाळचं मात्र गेल्या महिन्याभरात पाच वेळा परत आलं. केंद्रावर नळीत उकळून बघतात, गाठी धरल्या की कॅन बाजूला. चारा तोच, जनावरं तीच, हातही तेच. आमच्या वाडीवर संकलन नाही, गाडी फाट्यावर येते. सकाळी सहाला धार काढतो, साडेसातला गाडी. संध्याकाळी पाचला धार, गाडी आता आठला येते. कॅन सकाळी रिकामा होऊन आला की पाण्यानं खळबळून झाकण लावून ठेवतो, संध्याकाळी परत एकदा खळबळतो. धार सासूबाई काढतात. सडांना दूध लावून, अंगठा मुडपून ओढतात. मी काही बोलले की म्हणतात, 'एवढी वर्षं अशीच धार काढतो मी, कधी नासलं नाही बघ.' शेजारचे म्हणतात, चिमूटभर खायचा सोडा टाका, कुणाला कळत नाही. पंधरा दिवसांपूर्वी एका गाईच्या मागच्या डाव्या सडाला सूज होती, डॉक्टरांनी ट्यूब सोडली. दोन धारा काढून टाकल्या, मग दूध घातलं. नेमकं चुकतंय कुठं? आणि सासूबाईंना दुखवता कसं सांगायचं, तेही सांगा. — एक सूनबाई"

ताई, (पत्रात तुम्ही 'दुखवता कसं सांगायचं' असं लिहिलंय, 'न' राहून गेला असणार. मी 'न दुखवता' असंच धरलंय.)

आधी सोड्याचं बोलते. बाकीचं चार दिवस उशिरा केलं तरी चालेल, हे नाही. सोडा टाकू नका. चिमूटभरही नाही, एका वेळेपुरताही नाही. सोड्यानं दूध सुधारत नाही, त्यातला आंबटपणा तेवढा झाकला जातो. जंतू होते तिथंच राहतात आणि वाढत राहतात. असं दूध नळीत उकळलं तर कदाचित गाठी धरणार नाही आणि केंद्रावरून निसटेल, पण तिथून ते मोठ्या टाकीत जातं आणि अख्ख्या गावाच्या दुधात मिसळतं. रोझॅलिक ॲसिडचे काही थेंब टाकले की सोडा घातलेलं दूध गुलाबी-लाल होतं. ही चाचणी जुनी आहे, सोपी आहे. 'कुणाला कळत नाही' हे खरं नाही. आणि कळलं नाही तरी ते दूध संध्याकाळी कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाणार आहे. ही भेसळ आहे, कायद्यानंही आणि आपल्या मनानंही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही फार चांगलं पत्र लिहिलंय, कारण वेळा लिहिल्यात. अर्धं उत्तर त्या वेळांतच आहे.

सकाळी धार ते गाडी दीड तास. संध्याकाळी तीन तास. कासेतून दूध येतं ते अंगाच्या उबेचं, अडतीस अंशांच्या आसपास. जंतूंना यापेक्षा बरी जागा नाही. अशा उबेत त्यांची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते. म्हणजे दीड तासात एकाचे आठ, तीन तासांत एकाचे चौसष्ट. वेळ दुप्पट झाली म्हणून जंतू दुप्पट झाले असं होत नाही, आठपट होतात. त्यात पहाटेचा खानापूरचा गारवा दुधाला थोडं तरी निववतो. मे महिन्यातल्या संध्याकाळी पत्र्याच्या छपराखाली ते तसंच कोमट राहतं.

पण ताई, नुसता उशीर हे कारण पुरत नाही. निरोगी जनावराचं, स्वच्छ भांड्यात काढलेलं दूध तीन तासांत नासत नाही. ताज्या दुधात स्वतःची राखण असते, पहिले दोन-तीन तास ते जंतूंना फारसं वाढू देत नाही. मूठभर जंतूंपुढे ती राखण टिकते. लाखोंनी आधीच बसलेले असले तर टिकत नाही. मग ते लाखो आले कुठून?

तुमचा कॅन सकाळी रिकामा होऊन येतो, पाण्यानं खळबळता, झाकण लावता. आत दुधाचा पातळ थर, थोडं पाणी आणि दिवसभराची उन्हाळी ऊब. सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत त्या बंद कॅनमध्ये विरजणच लागत असतं, दिसत नाही इतकंच. रात्री मात्र तोच कॅन गारव्यात पडून असतो. म्हणून सकाळचं दूध वाचतं. माझा पहिला संशय गाईवर नाही, सासूबाईंवरही नाही. कॅनवर आहे.

हे मी इतक्या खात्रीनं सांगते, कारण मी स्वतः यातून गेले आहे. आमच्या गावच्या महिला दूध संघात मी बरीच वर्षं सचिव होते. त्याआधी, नवीन म्हैस घेतली तेव्हा माझंच दूध आठवड्यात तीनदा परत आलं होतं. मी मशीनला दोष दिला, गाडीवाल्याला दिला, म्हैस विकायची बोलणी केली. शेवटी केंद्रावर कॅन धुणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझं झाकण उचललं, नाकाला लावलं, आणि नखानं त्याची रबरी रिंग खाचेतून ओढून काढली. खाली बोटाच्या पेराएवढ्या रुंदीचा पिवळट, चिकट थर. वास शिळ्या ताकाचा. वरून तो कॅन आरशासारखा चकाकत होता. रोज राख लावून घासत होते मी. तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्या दिवसापासून मी भांडं डोळ्यानं तपासत नाही, नाकानं आणि बोटानं तपासते. तुम्हीही पत्र वाचून झालं की आधी जा आणि ती रिंग काढून बघा. मग कॅनच्या गळ्याच्या आतल्या वळणावरून कोरडं बोट फिरवा. खरखर लागली तर तो दूधखडा आहे. दुधातली प्रथिनं आणि पाण्यातला चुना मिळून तो बसतो, आणि जंतू त्याच्या आड राहतात.

तरी माझ्या संशयावर विसंबू नका. घरच्या घरी शोध लावता येतो, तो असा. चार लहान स्टीलच्या वाट्या आणि त्यांची झाकणं पाण्यात दहा मिनिटं उकळा, पालथी घालून निवू द्या. संध्याकाळी धार काढताना प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार चिळकांड्या वेगळ्या भांड्यात सोडून द्या. मग एका वाटीत म्हशीचं दूध थेट सडातून, दुसरीत दुखऱ्या सडाच्या गाईचं, तेही थेट. तिसऱ्या वाटीत बादलीतलं. चौथीत सगळं कॅनमध्ये ओतल्यावर, पंधरा मिनिटांनी, कॅनमधलं. चारही झाकून एकाच जागी ठेवा. दर तासानं प्रत्येकीतलं चमचाभर दूध लहान पळीत घेऊन विस्तवावर उकळा. पळी दर वेळी धुवा, नाहीतर एकीचा दोष दुसरीवर जाईल. गाठी आधी कुठल्या वाटीत धरतात ते बघा. कॅनची वाटी आधी गेली आणि बादलीची टिकली, तर चोर कॅनमध्ये. बादलीचीही गेली आणि थेट सडातल्या दोन्ही टिकल्या, तर बादली, गाळायचं फडकं किंवा हात. थेट सडातलीच गेली, तर दुखणं कासेत. त्या दिवशी बाकी काहीही बदलू नका. जसं रोज करता तसंच करा, नाहीतर काय कशानं झालं ते कळणार नाही.

आणि ही परीक्षा सासूबाईंच्या समोर करा. शक्य झालं तर पळी त्यांच्याच हातात द्या.

त्यांच्याबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय. त्या म्हणतात कधी नासलं नाही, ते खरं आहे. त्यांच्या काळात धार काढली की दूध पाच मिनिटांत चुलीवर चढायचं. उरलं ते विरजायचं. कच्चं दूध तीन तास झाकून ठेवायचं, मग गाडीत घालायचं, हे कुणी करतच नव्हतं. त्यांच्या वापराला त्यांची पद्धत पुरेशी होती. आता दुधाचा प्रवास लांबला आहे, म्हणून काढायची रीत बदलावी लागते. त्यांना हे असंच सांगा. 'तुमचं चुकतंय' म्हणू नका, ते खरंही नाही. 'आत्या, गाडी आता आठला येते, तोवर दूध टिकलं पाहिजे, काय करूया' असं विचारा. ज्या बाईनं जन्मभर जनावरं सांभाळली, तिला कासेला हात लावताच ऊब कळते, जनावराचा पाय हलायच्या आधी कळतं. ते ज्ञान तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ते राहू द्या, फक्त दोन सवयी बदला.

पहिली सवय, सडांना दूध लावण्याची. बोटं दुधात बुडवून सड ओले केले की हाताची, सडाची घाण विरघळून थेंबाथेंबानं बादलीत जाते, आणि एका सडाचा रोग दुसऱ्याला. कोरड्या हातानं धार निघते. पहिले दोन दिवस हाताला जड जातं, मग सवय होते. दुसरी सवय, अंगठा मुडपण्याची. त्यानं सडाच्या आतल्या नळीला इजा होते, आणि इजा झालेल्या सडात दगडी, म्हणजे कासेचा सुजेचा रोग, लवकर शिरते. पूर्ण मुठीत सड धरून वरून खाली दाबायचा. सासूबाईंचं वय लक्षात घेता मूठ भरत नसेल, मनगट दुखत असेल, तर एका गाईची धार तुम्ही काढायला घ्या. 'शिकवा मला' म्हणून घ्या.

जनावर पान्हवलं की तो पान्हा पाच ते सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात धार उरकली पाहिजे. म्हणून कास धुणं, पुसणं सगळं आधी. पाणी कमी वापरा. भिजलेल्या कासेवरून गळणारं पाणी बादलीत जाणं हे न धुण्यापेक्षा वाईट. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं सड पुसायचे, मग कोरड्यानं. प्रत्येक जनावराचं फडकं वेगळं, रोज उकळलेलं. आणि धार झाल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या पाण्यात बुडवा. सडांसाठीचं तयार औषध डॉक्टर देतील. सडाचं तोंड धार संपल्यावर अर्धा तास तरी उघडं राहतं, तेवढ्यात जनावर शेणात बसलं की दगडीला आमंत्रण. म्हणून वैरण धार झाल्यावर टाका, खाण्याच्या नादात ते उभं राहील. कडबा झटकून आधी टाकला तर त्याची धूळ दुधात जाते, ते टळतं हा दुसरा फायदा. कांडी (गोळी पशुखाद्य) किंवा भिजवलेली पेंड धारेच्या वेळी चालते.

कोबीच्या पाल्याचंही सांगते. बेळगाव-खानापूर भागात कोबी, फ्लॉवर निघाला की पाला फुकट मिळतो आणि आपण गव्हाण भरून टाकतो. धारेच्या आधीच्या चार-पाच तासांत तो खाल्ला तर दुधाला वास येतो. धार झाल्यावर द्या, थोडा द्या.

आता कॅन. रिकामा झाला की आधी साध्या पाण्यानं, गरम पाण्यानं नव्हे. गरम पाणी पहिल्यांदा घातलं तर दुधातली प्रथिनं भांड्याला शिजून बसतात आणि दूधखड्याची सुरुवात होते. साध्या पाण्यानं दूध गेलं की मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून नायलॉनच्या ब्रशनं घासा. हा सोडा भांड्यासाठी, दुधासाठी नव्हे. कॅन अल्युमिनियमचा असेल तर धुण्याचा सोडा वापरू नका, तो अल्युमिनियम खातो. भांड्यांचं साधं द्रावण घ्या. रिंग काढून वेगळी घासा. राख, माती, तारेची घासणी बंद, त्यांचे ओरखडे पुढे जंतूंचं घर होतात. स्वच्छ पाण्यानं खळबळा, शेवटी उकळतं पाणी फिरवा. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं : झाकण लावू नका. कॅन पालथा घाला, जमिनीवर नको, लाकडाच्या किंवा लोखंडाच्या घोडीवर, वारा आणि ऊन लागेल असा. कोरड्या भांड्यात जंतू वाढत नाहीत. धार काढायच्या आधी पुन्हा एकदा उकळतं पाणी. प्लास्टिकची बादली असेल तर ती गोठ्यातल्या पाण्याला ठेवा, धारेला तोंड निमुळतं असलेली स्टीलची चरवी घ्या. गाळायचं फडकं रोज उकळा. न उकळलेल्या फडक्यातून गाळणं म्हणजे दुधाला जंतूंची पुरचुंडी दाखवून आणणं.

तीन तासांचं काय करायचं? दूध थंड करायचं. मोठ्या केंद्रांवर चार अंशांपर्यंत थंड करणारे बल्क कूलर असतात. वाडीवर ते नाही, पण विहीर आहे. धार काढल्याबरोबर कॅन पाण्याच्या हौदात उभा करा, बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या दुधाच्या वर पाहिजे. अर्ध्या तासानं पाणी बदला. उकळलेल्या लांब डावानं दोन-तीनदा ढवळा, नाहीतर मधलं दूध गरमच राहतं. नंतर कॅनला ओलं पोतं गुंडाळून वाऱ्याला ठेवा. दुधात बर्फ टाकू नका, ती पाण्याची भेसळ. आणि शक्य असेल तर धार पाचऐवजी साडेसहाला न्या. जनावरं आठ-दहा दिवसांत नव्या वेळेला रुळतात. रोज दहा मिनिटं पुढे सरकवा. खर्च शून्य, आणि तीन तासांचे दीड तास होतात. फाट्यावर दूध घालणारी तुमच्यासारखी अजून घरं असतील. सगळ्यांनी मिळून गाडी आठच्या आधी आणायला सांगा. पावती कन्नडात असो की मराठीत, नासलेल्या दुधाचं नुकसान केंद्रालाही होतं, ते ऐकतील. पाच वेळा सहा लिटर म्हणजे तीस लिटर गेलं. संघाला घातलेल्या दुधावर सरकारचं लिटरमागे अनुदान मिळत असेल, तर तेही त्या दुधावर गेलं.

शेवटी ती दुखरी गाय. ताई, इथं तुमच्याकडून चूक झाली आहे, आणि ती न रागावता पण स्पष्ट सांगते. सडात सोडलेली ट्यूब प्रतिजैविकाची असते. दोन धारा टाकणं पुरेसं नाही. ट्यूबच्या वेष्टनावर किती तास दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं, पुष्कळदा ते 72 तास, कधी त्याहून जास्त. तेही शेवटच्या ट्यूबनंतर मोजायचे. आणि औषध एकाच सडात सोडलं तरी चारही सडांचं दूध बाजूला ठेवायचं, कारण औषध रक्तातून सगळीकडे जातं. उकळून ते जात नाही. त्या दुधाचं दही नीट लागत नाही, हीच खूण. यापुढे डॉक्टर जायच्या आधी 'दूध किती दिवस बाहेर ठेवू' हे विचारा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहा.

सूज उतरली म्हणजे रोग गेला असंही नाही. आतून राहिलेली दगडी दिसत नाही, पण असं दूध आंबट नसतानाही उकळताना फाटू शकतं. घरी बघायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम साधी धुण्याची पावडर विरघळवा. प्रत्येक सडाचं दूध वेगवेगळ्या बशीत घेऊन तेवढंच हे पाणी घाला, बशी गोल फिरवा. पातळ राहिलं तर बरं. नाकातल्या शेंबडासारखं चिकट, दाट झालं तर त्या सडात रोग आहे. डॉक्टरांना बोलवा, आणि त्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा, म्हणजे तिचा रोग हातावाटे दुसरीकडे जाणार नाही. बशीतलं ते दूध कुत्र्यामांजराला घालू नका, खड्ड्यात ओता.

वळीव सुरू झालाय म्हणून अजून एक. शेंगदाण्याची, सरकीची पेंड पोत्यासकट जमिनीवर असेल तर आजच फळीवर उचलून ठेवा. ओल लागून काळी-हिरवी बुरशी धरलेली पेंड वाळवूनही घालू नका. बुरशीचं विष जनावराच्या पोटातून दुधात उतरतं, आणि उकळून जात नाही. आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम इतकी थोडी ठेवली आहे, यावरून ते किती वाईट असेल ते ओळखा.

वाट्यांची परीक्षा या आठवड्यात करा, गाडीची वेळ आणि धारेची वेळ बदलायच्या आधी. कुठली वाटी आधी फाटली ते एका ओळीत लिहून पाठवा. कॅनची निघाली तर वर सांगितलेलं पुरे आहे. थेट सडातली निघाली तर मात्र माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गोठ्यात आणा.